हलकं काम

टोमॅटोच्या मळ्यावर दवाखान्याची गाडी आत न्यायला सिस्टरनं नाही नाही ते केलं. अर्ज केले, मालकाच्या माणसांच्या विनवण्या केल्या, वरच्या साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. शेवटी गाडी आत गेली ती भावाच्या वशिल्यानं.

मळा म्हणजे नजर पोचेल तिथवर प्लास्टिकची घरं. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि श्वास घशातच अडकायचा. मजूर लांबून लांबून यायचे, हंगामभर पत्र्याच्या खोल्यांत राहायचे आणि क्रेटवर मजुरी घ्यायचे. सरकारी दवाखाना शहरात. तो उघडा असायचा त्यांच्या कामाच्या वेळेत, म्हणजे त्यांच्यापुरता बंदच. म्हणून सिस्टरनं दवाखान्याकडून एक जुनी रुग्णवाहिका मागून घेतली होती. आत एक बाकडं, एक पडदा, औषधांचं कपाट आणि रक्त तपासायचं छोटं यंत्र. गाडी चालवणाऱ्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण एकदा सुरू झाला की त्याचं बटण कुणाला सापडत नसे.

सुरुवातीला गाडी फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहायची. कुणी फिरकायचं नाही.

"सिस्टर, बोलावणं नसताना लग्नाला आल्यासारखं वाटतंय," रेडिओ म्हणायचा. "निदान जेवून तरी जाऊ."

सिस्टरचा धाकटा भाऊ त्याच मळ्यावर मुकादम होता. क्रेट उचलता उचलता वर चढलेला माणूस. मजुरांवर ओरडायचा, पण कुणाचं पोर आजारी असलं तर स्वतःच्या मोटरसायकलवरून औषध आणून द्यायचा. सिस्टरनं त्याच्यामागे भुणभुण लावली. एक दिवस तो आईकडे चहाला आला आणि म्हणाला, "ताई, जमवलं बघ. रविवारी दुपारी आत यायचं. पण कामात खोळंबा झाला तर साहेब माझी सालटी काढतील."

"एक मिनिट खोळंबा होणार नाही," सिस्टर म्हणाली. त्या दिवशी तिनं त्याला चहात दुप्पट साखर घालून दिली.

पहिल्याच रविवारी रांग लागली. बायकाच जास्त. रांगेत दोघी बहिणी होत्या. थोरली हाडकुळी, तोंडाळ. धाकटी मागे मागे राहणारी. थोरलीनं तिला दंडाला धरून आणलं होतं.

"हिला बघा. सकाळी उठते तेव्हा तोंड असं सुजतं की मीच ओळखत नाही. वर म्हणते, मी गुबगुबीत झालेय."

धाकटी हसली. सिस्टरनं तिच्या पायावर बोट दाबलं. खळगा पडला तो भरूनच येईना.

"पाणी किती पितेस?"

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीच बोलली, "कामावर नाही पीत. संडास कुठे आहे पाहिलात? पार त्या टोकाला. जाऊन येईपर्यंत बाजूची बाई तिची ओळ उरकून बसते. त्यापेक्षा तोंड शिवलेलं बरं."

"दिवसभर? या उकाड्यात?"

"सगळ्याच बायका असंच करतात. कंबर धरली तर मुकादम गोळी देतात. देव माणूस आहे."

सिस्टरनं गोळी दाखवायला सांगितली. दुखणं मारणारी साधी गोळी, कुठल्याही दुकानात मिळणारी. उपाशीपोटी, पाण्याचा घोट न घेता, हंगामभर रोज. तिनं धाकटीचं रक्त घेतलं. यंत्रावर आकडा आला तो एखाद्या म्हातारीचा असावा तसा होता. धाकटी पंचविशीतली होती. आणि ती एकटी नव्हती. संध्याकाळपर्यंत असे बरेच निघाले.

शहरातल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "मूत्रपिंडं सुकत चालली आहेत. सावली, पाणी, त्या गोळ्या बंद, आणि नियमित रक्त तपासणं. एवढं झालं तर बरीच वर्षं निघतील. नाही झालं तर यंत्रावर रक्त धुवावं लागेल. आणि आपल्या यंत्रासमोरची रांग तुम्ही रोज बघताच."

सिस्टर त्याच दिवशी भावाला आईकडे बोलावून त्याच्यावर तुटून पडली. "गोळ्या वाटतोस? दवाखाना उघडलायस?"

"अगं, रडत येतात बायका. मग काय करू, हाकलून देऊ?" तो चिडला. मग गोळ्यांमुळे काय होतं ते त्यानं ऐकलं. खिशातली पाकिटं काढून त्यानं कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हणाला, "कोण कोण आहेत, सांग मला. पॅकिंगच्या शेडमध्ये पंखे आहेत, संडास जवळ आहे. बसून टोमॅटो निवडायचे. त्यांना तिकडे हलकं काम देतो."

सिस्टर घुटमळली. पेशंटचं दुखणं दुसऱ्याला सांगायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं होतं.

"सख्ख्या भावाला सांगायला कसली आलीय चोरी?" आई म्हणाली. "तो काय वैरी आहे?"

तो वैरी नव्हताच. सिस्टरनं एकेक करून सगळी नावं सांगितली. तो बोटांवर मोजत गेला.

पुढचे काही दिवस सिस्टरच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. भावानं शब्द पाळला. सगळे आजारी शेडमध्ये बसले. पाण्याचं पिंप आलं, त्यावर पेला ठेवला गेला. रविवारी धाकटीच्या पायाची सूज निम्मी उतरली होती.

"सिस्टर, चपला सैल झाल्या," ती म्हणाली. "आता नव्या घ्याव्या लागतील. हा खर्च कुणाच्या डोक्यावर?" तिचं तिलाच हसू आवरेना. परतताना रेडिओ रस्ताभर गात होता आणि सिस्टरनं त्याला एकदाही गप्प केलं नाही.

मग मळ्याचा मॅनेजर शेडमध्ये चक्कर मारायला आला. हाताला चपळ अशा बायका तोडणीवर नसून शेडमध्ये का, असं त्यानं मुकादमाला विचारलं. मुकादम सरळ माणूस. त्यानं खरं ते सांगितलं. मॅनेजरनं मान हलवली, बरं केलंस म्हणाला, पाठीवर थाप मारली.

आठवडा संपायच्या आत सकाळी सकाळी शेडपाशी ट्रक येऊन उभा राहिला. कुणाकुणाला घालवायचं ते मुकादमालाच हाका मारून सांगायला लावलं. आजारी माणसाला घरच्या विश्रांतीची गरज असते, मॅनेजर म्हणाला. बायका गाठोडी घेऊन ट्रकमध्ये चढल्या. थोरलीला कुणी जा म्हटलं नव्हतं. तिनं आपलंही गाठोडं आणलं, धाकटीला वर चढवलं आणि मुकादमासमोर येऊन उभी राहिली.

"हेच का तुमचं हलकं काम?"

ट्रक गेला तरी मुकादम तिथेच उभा होता, असं नंतर रेडिओनं कुणाकडून तरी ऐकलं.

सिस्टर मॅनेजरच्या ऑफिसात गेली. त्यानं तिला खुर्ची दिली, गार पाणी दिलं. तो अगदी गोड बोलला.

"उलट आम्हीच तुमचे आभारी आहोत. एखादी आत कोसळली असती तर आमच्या गळ्यात आलं असतं. आता हंगामाच्या सुरुवातीलाच फाटकावर रक्त तपासून घेणार. धडधाकट असेल तो आत."

"आणि नसेल तो?"

"ते तुमचं खातं," तो म्हणाला.

एकानं केलं की सगळे करतात. पुढच्या हंगामात प्रत्येक मळ्याच्या फाटकावर टेबल लागलं आणि त्यावर सुया मांडल्या गेल्या. सिस्टर तक्रार घेऊन आपल्या साहेबांकडे गेली. ते खूशच होते. "रक्त तपासणीचं प्रमाण केवढं वाढलंय, पाहिलंत? एवढी वर्षं हेच तर मागत होतात तुम्ही." त्या वर्षीच्या सभेत त्यांनी तिचं कौतुक केलं. तिला टाळ्या मिळाल्या.

रविवारी गाडी आत जायची तेव्हा आता चार-दोन माणसं यायची. डोकं दुखतंय, गोळी द्या. सर्दी झाली, गोळी द्या. रक्त म्हटलं की बाह्या मनगटापर्यंत खाली.

सिस्टरनं धाकटीला शोधायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी रेडिओ तिला स्वतःच्या गाडीतून मळ्यामळ्यांवर घेऊन जायचा. तो आता फारसा बोलत नसे. एका दुपारी, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या संत्र्याच्या बागेत, शिडीवर चढलेली एक बाई सिस्टरला पाठीवरून ओळखू आली. गळ्यात फळांची झोळी, तोंड पुन्हा सुजलेलं, टाचा शिडीच्या पायरीवरून ओघळल्यासारख्या.

"धाकटे," सिस्टरनं हाक मारली.

शिडीवरचा हात थांबला. आजूबाजूच्या बायका वळून पाहू लागल्या. ठेकेदार दोन झाडांपलीकडे उभा होता.

"कोण हवंय तुम्हाला?"

"अगं, मी. गाडीवरची सिस्टर."

"तुमची काहीतरी चूक होतेय, बाई. मी तुम्हाला ओळखत नाही." तिनं तोंड फिरवलं आणि संत्रं तोडलं.

सिस्टर रस्त्यापर्यंत आली तेव्हा मागून थोरली धावत आली.

"रागावू नका तिच्यावर. फाटकावर मीच दोनदा रक्त दिलं. एकदा माझ्या नावानं, एकदा तिच्या. इथे कुणाला कळलं तर आणखी कुठे जायचं आम्ही? घरी आईजवळ तिची दोन पोरं आहेत."

"ती मरेल अशानं."

"मला दिसत नाही का?" थोरलीचा आवाज फुटला. "तुम्ही आता येऊ नका, सिस्टर. तुम्ही नुसती ओळख दाखवलीत तरी तिचं पोट जातं."

सिस्टरनं पिशवीतली औषधं दिली. थोरलीनं ती पदराखाली घेतली आणि मागे न बघता गेली.

थंडी सुरू झाली तेव्हा शहरातल्या वॉर्डातून सिस्टरला निरोप आला. धाप लागलेली एक बाई आणलीय, तुमचं नाव घेतेय. धाकटी भिंतीकडच्या खाटेवर होती, उशा लावून बसवलेली. आडवं झालं की तिला श्वास मिळत नव्हता. यंत्राच्या रांगेत तिच्यापुढे बरीच माणसं होती. सिस्टर डॉक्टरांकडे गेली, रांगेतल्या लोकांची नावं ऐकली, आणि कुणाला मागे सारा म्हणायचं ते तिला सुचेना. त्यातला एक शाळेत जाणारा मुलगा होता.

ती परत येऊन खाटेच्या कडेला बसली.

"सिस्टर," धाकटी म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला ओळखलं होतं."

"ठाऊक आहे मला."

"वाईट वाटून घेतलंत?"

"नाही गं."

"खोटं बोलता," धाकटी म्हणाली आणि जरा हसली.

तिची पाळी यायच्या आधल्या सकाळी ती गेली. थोरली रडली नाही. तिनं बहिणीचे केस विंचरले, नीट वेणी घातली. मग सिस्टरला म्हणाली, "हंगाम अजून आहे. मला परत जायला हवं. आता तिच्या पोरांचंही मलाच बघायचंय."

"एकदा तुझं रक्त बघू दे. इथेच. कुणाला सांगणार नाही, शप्पथ."

थोरलीनं तिच्याकडे रागानं नाही, कीव केल्यासारखं पाहिलं. "राहू दे," ती म्हणाली.

भावानं मुकादमी सोडली नाही. सोडून करणार काय? मात्र तो आईकडे येतो तेव्हा सिस्टर दवाखान्यात असेल अशीच वेळ धरून येतो. आई दोघांनाही विचारून थकली.

सिस्टर रविवारी जातेच. मध्यंतरी एका रविवारी, रेडिओ गाडीचं मागचं दार लावणार एवढ्यात एक पोरगेली बाई आली. डोळ्यात काहीतरी गेलं होतं. सिस्टरनं तिला बाकड्यावर बसवलं, डोळा धुतला, पापणी उलटून बारीक कुसळ काढलं. खाली वाकली तेव्हा तिला त्या मुलीचे पाय दिसले. चपलेचा पट्टा मांसात रुतून गेला होता.

"आणखी काही होतंय का तुला?"

मुलीनं पाय झटकन बाकड्याखाली ओढून घेतले.

"नाही, काहीच नाही," ती म्हणाली, आणि पायरी उतरून पत्र्याच्या खोल्यांकडे चालू लागली.