रंगूबाईचा सातवा धडा

मुरारी मास्तर हुशार होते, आणि ही गोष्ट त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. महाडात पोरं शिकवून झाल्यावर त्यांनी मोठ्या माणसांना शिकवण्याची सनद मिळवायचं मनावर घेतलं. पुण्याला सहा महिने धडे गिरवले. आता उरलं होतं एकच: खेड्यात वर्षभर वर्ग चालवायचा, प्रत्येक शिकणाऱ्याची वहीत टिपणं ठेवायची आणि शेवटी शाळा तपासणाऱ्या डिपोटी साहेबांकडून वर्ग नि वही दोन्ही तपासून घ्यायची. म्हणून अडतीस साली मास्तर आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत येऊन राहिले. दुपारी देवळात वर्ग भरू लागला.

पहिल्या दिवशी हजेरीपटावर नावं घालताना त्यांनी विचारलं, "रंगूबाई, नवऱ्याचं नाव?"

रंगूबाईनं पदर सावरून शेजारच्या ठमाबाईकडे पाहिलं.

"येसाजी," ठमाबाई म्हणाली. "म्हमईला गिरणीत हाय."

मास्तरांनी लिहून घेतलं आणि विसरूनही गेले.

नवऱ्याला आपल्या हातानं पत्र लिहावं, एवढ्यासाठी रंगूबाई आली होती. सहा धडे तिनं झपाट्यानं उचलले. सातव्याला घोडं अडलं. 'येसाजी शेतावर गेला. येसाजीने भात कापले.' पहिल्याच शब्दावर बोट ठेवून ती मुकी व्हायची. मास्तरांनी समजावलं, मग रागावले. जो धडा वाचता येत नाही तो लिहायचा नाही, असा त्यांचा नियम. म्हणून तिची पाटीही कोरीच राहिली. शेवटी त्यांनी वहीत तिच्या हजेरी क्रमांकापुढे टिपून ठेवलं: 'बुद्धी मंद.' बाकीच्या बायका गालात हसत. एवढा शिकलेला माणूस, त्याला कळत असणारच, असं त्यांना वाटे.

डिपोटी साहेब आले आणि नेमका सातवा धडा काढून त्यांनी पुस्तक रंगूबाईपुढे सरकवलं. तिचं बोट पहिल्याच शब्दावर अडलं. साहेब आपल्या वहीत काहीतरी लिहू लागले, तशी रंगूबाईनं पुस्तक मिटलं, ठमाबाईच्या हातातली पाटी ओढून घेतली आणि मान खाली घालून लिहीत सुटली. अक्षरं वाकडी होती, पण धडा पुरा होता. 'येसाजी' तर तिनं सगळ्यात ठसठशीत काढलं होतं.

"मग वाचलं का नाही?" साहेबांनी विचारलं.

"घरच्या मान्साचं नाव तोंडानं कसं घ्यायचं?" ती म्हणाली. "लिवायला कुनाची बंदी नाय."

साहेब हसले. मग मास्तरांची वही चाळता चाळता 'बुद्धी मंद' या शब्दांपाशी थांबले.

"हे कुणाबद्दल लिहिलंय, मास्तर?"

दुसऱ्या कुणाचंही नाव सांगता आलं असतं. मास्तरांना स्वतःची फार लाज वाटली. हजेरीपटावर येसाजीचं नाव त्यांनी आपल्याच हातानं लिहिलं होतं.

"तिच्याबद्दल," ते म्हणाले. "पण ते मला लागू पडतं."

साहेबांनी वर्ग पास केला. मास्तरांची सनद मात्र वर्षभर पुढे ढकलली.

साहेबांचा टांगा पोलादपूरच्या रस्त्याला लागला, तरी मास्तर देवळाच्या पायरीवर वही मिटून बसून होते. रंगूबाई पाटी पुसत त्यांच्याजवळ आली.

"मास्तर, पुन्हा बसा परीक्षेला," ती म्हणाली. "आमी हाय ना शिकवाया."