अप्पांच्या हातून सुटलेला दांडा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी दांडा आहे. हसू नका! कुत्री हाकलायचा दांडा नव्हे मी. लढाऊ विमानाच्या तोफेला दिशा दाखवायचं काम माझं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, सोमशेखर अप्पांच्या कारखान्यात मी घडलो. माझं एक टोक तोफेच्या नळीत घट्ट बसे, दुसऱ्या टोकावर छोटी दुर्बीण असे. विमान जमिनीवर उभं करून समोर दूरवर खुणांचा फलक लावत. वैमानिकाचा नेम एका खुणेवर आणि माझी दुर्बीण तिच्या जोडीच्या खुणेवर आली, की तोफ बरोबर बसली असं मानत. सगळे माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत. खरं सांगतो, मला त्याची फार ऐट होती.

दरवर्षी तपासणीसाठी मी माहेरी येई. १९९९च्या उन्हाळ्यात आलो, तेव्हा हवाई दलाकडून फार घाई होती. अप्पांची लेक विद्याश्री हिने मला तपासून बरोबर असल्याचा शिक्का दिला आणि ती गाडीवाल्याला बोलवायला गेली. अप्पा मला खोक्यात ठेवू लागले. तेलकट हातातून मी सटकलो आणि फरशीवर आपटलो.

कुणी पाहिलं नाही. अप्पांनी मला उचललं, पुसलं, उजेडात फिरवून पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता. त्यांनी मला खोक्यात ठेवून झाकण लावलं. मी आतून ओरडत होतो, पण पोलादाला तोंड कुठे असतं? माझ्या भरवशावर कुणीतरी आकाशात जाणार होतं. मला भीती वाटली.

गाडी सुरू झाली, तेवढ्यात अप्पांचा आवाज आला.

"विद्या, थांबीव गाडी! माझ्या हातातनं पडलाय त्यो."

"आत्ता सांगताय, अप्पा? आज न्हाय पोचला तर पुढचं काम आपल्याला कोण देणार?"

"न्हाय दिलं तर न्हाय. पर विमानात बसणाऱ्याला कुणी सांगायचं?"

विद्याश्रीने मला पुन्हा तपासलं. केसाएवढा वाकलो होतो मी. नवा दांडा उशिरा गेला आणि पुढचं काम खरंच दुसऱ्या कारखान्याला मिळालं.

आता मला तांबडा रंग दिलाय, म्हणजे मी बाद. नवा कामगार आला की अप्पा मला त्याच्या हातात देतात.

"कुठं वाकलाय, सांग बघू."

आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही. मग अप्पाच म्हणतात, "मलाबी दिसलं न्हवतं. पडलाय, एवढंच ठावं हुतं."

मित्रांनो, तुमच्याही हातून कधी काही पडेल. कुणी रागावेल म्हणून त्यावर झाकण लावू नका. अजूनही विमानाचा आवाज आला की सगळे अंगणात धावतात. अप्पा मात्र कपाट उघडून माझ्यावरून हात फिरवतात, आणि बाद झाल्याचं मला काही वाटेनासं होतं.