मोठ्या मालकांची गाठ

थोरलीनं डब्याची पिशवी तिकीटखिडकीच्या फळीवर ठेवली, ती आपटल्यासारखीच. आतल्या मुलीनं तिसऱ्यांदा तेच सांगितलं. बाग दाखवायची फेरी कमीत कमी दोघांची, एकट्याला आत सोडत नाहीत.

"तुमच्या जाहिरातीत काय छापलंय? एकट्यानं या, स्वस्तात दिवस घालवा."

"यायचं एकट्यानं, काकू. फिरायचं दोघांनी."

मुलीला यात काही वावगं वाटलं नाही. आणखी कुणी एकटं आलं तर जोडी लावून देईन, म्हणाली, आणि बाकाकडे बोट दाखवलं.

बाकावर बसल्या बसल्या थोरलीचा पारा चढत गेला. याच द्राक्षमळ्यात तिची बत्तीस वर्षं गेली होती, मागच्या फाटकानं आत आणि मागच्याच फाटकानं बाहेर. वेली तारेला बांधायचं काम तेव्हाही जोडीनंच चाले. ओळीच्या अलीकडे एक बाई, पलीकडे दुसरी. थोरलीच्या समोर कायम तिची धाकटी जाऊ. एकीला ताप आला की मुकादम दुसरीलाही घरी धाडायचा. आज जन्मात पहिल्यांदा ती पुढच्या फाटकानं आली होती, नव्या चपला घालून, तर इथंही तेच. जोडीदार आण.

जोडीदार अंथरुणात होती. दोन वर्षांपूर्वी धाकटीची डावी बाजू गेली, आणि नेमकी ती डावखुरी. सकाळी थोरली निघाली तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "माझी गाठ अजून कुणी बांधतं का, बघून या. आणि जाऊबाई, खरं सांगा हं."

खरं सांगा, कारण थोरलीच्या थापा घरात कुणाला नवीन नव्हत्या. मळ्यातला एक घड इतका लांब, की वरून मोजायला चढलेला माणूस दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला खाली उतरला, असं ती नातवंडांना सांगायची आणि वर त्या माणसाचा सदरा कुठल्या रंगाचा होता तेही सांगायची.

तासाभरानं एक नर्स आली. रात्रपाळी संपवून परस्पर आली होती, केसांना अजून दवाखान्याचा वास होता. तिलाही खिडकीतून तेच ऐकायला मिळालं.

"मी इथं बाग बघायला आले की स्थळ बघायला?" नर्स म्हणाली.

थोरली बाकावरून उठली. "चला, मी आहे. मागणी काही नाही माझी."

नर्सनं वहीत दोघींची नावं लिहिली. डाव्या हातानं. थोरलीनं ते पाहून ठेवलं.

गाइड चांगला गोड बोलणारा होता. आणखी आठ जण होते, सगळे जोडीजोडीनं. त्यानं पिंपांचं तळघर दाखवलं, घोटघोटभर वाइन चाखायला दिली, आणि मग सगळ्यांना घेऊन मळ्याच्या पूर्वेकडच्या ओळींत शिरला. तिथं तो थांबला आणि वेलीच्या एका काडीवरची सुतळीची गाठ त्यानं दोन बोटांत धरली.

"ही आमची खासियत. नीट बघा, उलटी आहे. मोठ्या मालकांनी वाऱ्याचा अभ्यास करून ही गाठ शोधली. या बाजूला वारा असतो, साधी गाठ सुटते, ही सुटत नाही. आमच्या प्रत्येक बाटलीवर हिचंच चित्र आहे."

त्यानं सगळ्यांना एकेक कार्ड वाटलं. कार्डावर मिशीवाले मोठे मालक, आणि त्यांच्या हातात सुतळी.

थोरलीच्या कानशिलांत जाळ झाला. ते शब्द तिच्या ओळखीचे होते. वाऱ्याचा अभ्यास, सुटणारी गाठ, सगळं तिच्याच तोंडचं. नव्या मुकादमानं एकदा धाकटीच्या गाठी बघितल्या होत्या आणि म्हणाला होता, या उलट्या गाठी उद्या दिसल्या तर घरी बसायचं. धाकटी रडायला लागली. तेव्हा थोरलीनं पापणी न लववता ठोकून दिलं होतं, की ही मोठ्या मालकांनीच शिकवलेली गाठ, वाऱ्यासाठी. मोठे मालक त्याआधीच वारले होते, विचारणार कुणाला? दुसऱ्या दिवसापासून मुकादमानं त्या बाजूच्या सगळ्या बायकांना उलटी गाठ बांधायला लावली. बायकांनी महिनाभर थोरलीला शिव्या घातल्या होत्या.

"तुमच्या मालकांनी आयुष्यात सुतळीला हात लावला नाही," थोरली म्हणाली. "ही माझ्या जावेची गाठ आहे. डावखुरी आहे ती, म्हणून उलटी. वाऱ्याचं मी सांगितलं होतं. थाप होती ती."

गाइड हसला. "आजी, गोष्ट झकास आहे."

"गोष्ट नाही."

बाकीचेही हसले. एकानं तिचा फोटो काढला. थोरलीनं जन्मभर जे सांगितलं ते लोकांनी गिळलं होतं, आणि आज हे पहिलंच खरं कुणाच्या घशाखाली उतरेना.

गाइडनं मग सुतळीचे आणि छाटलेल्या काड्यांचे तुकडे वाटले, प्रत्येकानं एक गाठ बांधून बघा म्हणून. त्याची स्वतःची दोनदा निसटली. वर्षानुवर्षांचा सराव लागतो, तो म्हणाला. पाहुण्यांच्या बोटांचा गुंता झाला. नर्सनं मात्र काडी उजव्या हातात धरली, डाव्यानं सुतळी फिरवली, ओढली, झालं.

गाइड नर्सच्या हाताकडे बघत होता, मग कार्डाकडे, मग घड्याळाकडे. पुढच्या फेरीची वेळ झाली, असं म्हणून तो चालू लागला.

"अजून एक बांध," थोरली नर्सला म्हणाली. "तेवढी मला दे."

घरी पोचली तेव्हा धाकटी उशीला टेकून बसली होती. थोरली चपला न काढताच तिच्या पलंगावर टेकली.

"तुझी गाठ बांधतात. बाटलीवर छापलीय. पण नाव मालकाचं लावलंय मेल्यांनी."

"मी म्हटलं होतं ना, खरं सांगा."

थोरलीनं पिशवीतून काडीचा तुकडा काढून तिच्या उजव्या हातात दिला. धाकटीनं तो डोळ्यांजवळ नेला, उलटापालटा केला, गाठीवरून अंगठा फिरवला.

"सैल बांधलीय," ती म्हणाली.