नईमाचा सदका

सदक्यासाठी, म्हणजे आजाऱ्याच्या नावाने दान म्हणून सोडायला, पाखरं मिळेनात, तिथून सगळं बिघडलं. दोन हजार सहाच्या त्या पावसाळ्यात अकोल्याच्या जुन्या शहरात घरटी कुणी ना कुणी चिकनगुनियाने सांधे धरून बसलं होतं. पण नईमाच्या इफ्फतला ताप असा चढला की पोरगी आईलाही ओळखेना. उद्यापर्यंत उतरला नाही तर नागपूरला न्या, असं सांगून डॉक्टर मोकळे झाले. नवरा, दाऊद, अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तो फोनवर म्हणाला की गाडीची सोय मी बघतो, तू पोरीवरून पाखरं ओवाळून सोड. कोंडलेला जीव मोकळा केला की आजाऱ्यावरची बला टळते, हे त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. पण मोर्णेच्या पुलावर पिंजरे घेऊन बसणारा म्हातारा कधीच गाव सोडून गेलेला. नईमा भर दुपारी सगळा बाजार पालथा घालून रिकाम्या हाताने परत आली.

इफ्फतच्या उशाशी तो व्हिडिओ गेम पडला होता. दोन्ही हातांत धरून खेळायचा, निळा. ट्यूशनमधल्या मैत्रिणीने, आचलने, आजारपणात करमावं म्हणून दिलेला. तिच्या मामाने तो दुबईहून आणला होता. त्यात गवतातून चालायचं, चित्रविचित्र राक्षसी प्राणी आडवे आले की लढून त्यांना पकडायचं, पोसून मोठं करायचं आणि जास्तीचे झाले की डब्यात ठेवून द्यायचे. सांधे दुखायला लागले तशी इफ्फत नुसती सांगायची आणि बटणं आई दाबायची. एकदा आईचं बोट भलत्याच ओळीवर गेलं, तेव्हा इफ्फत दचकली होती. तिथे दाबलं की प्राणी कायमचा सुटून जातो, परत मिळत नाही, असं तिने सांगितलं होतं.

आता नईमाला नेमकं तेच आठवलं. घरात एवढे जीव कोंडलेले, आणि आपण पाखरं शोधत उन्हात भटकतोय. यंत्र आचलचं असेल, पण प्राणी तर आपल्या लेकीने पकडलेले, म्हणजे सदका आपल्याच मालाचा. हसायचं असेल त्याने खुशाल हसावं. पोटची पोर तापात बरळत असली की शहाणपण कुणाजवळ उरतं?

तिने गेम इफ्फतवरून ओवाळला आणि डबा उघडला. इंग्रजी अक्षरं जुळवत ती एकेकाचं नाव वाचायची, सोन्या, पाखऱ्या, कपिली, आणि मग 'जा बेटा' म्हणून सोडायची. कंपनीवाल्यांना बरी सुचतात अशी नावं, एवढंच तिच्या मनात आलं. डबा रिकामा झाला, खेळात सोबत फिरणारेही गेले. एक छोटा पक्षी मात्र काही केल्या सुटेना. शेवटचा आहे म्हणून यंत्र त्याला जाऊच देईना. एकाने काय बिघडतं म्हणून नईमाने नाद सोडला. बंद करण्याआधी सेव्ह करायचंच, असं इफ्फतने बजावलेलं होतं. तेही ती विसरली नाही.

संध्याकाळी ताप उतरला. दाऊदने गाडी रद्द केली, आणि नईमाने जमिनीवर कपाळ टेकून देवाचे आभार मानले.

सकाळी इफ्फत उशीला टेकून खिचडी खात असताना आईने तिला मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. पोरीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"अम्मी, सेव्ह तो नहीं किया ना?"

केलं, असं नईमा म्हणाली, तूच तर बजावलं होतंस. मग रडत रडत इफ्फतने खरं काय ते सांगितलं. त्या गेममध्ये एकाचाच खेळ साठवता येतो. नवा सुरू केला तर आचलचा पुसला जाईल म्हणून इफ्फत आचलचाच खेळ पुढे खेळत होती. सगळे प्राणी आचलचे. इफ्फतने स्वतः पकडलेला एकच, तो छोटा पक्षी.

म्हणजे दुसऱ्याचं सगळं वाटून टाकलं आणि आपलं तेवढं घरात ठेवलं. असला सदका अल्लाह कशाला कबूल करेल? आणि तो कबूल नसेल तर ताप परत यायला किती वेळ? नईमा दर थोड्या वेळाने पोरीच्या कपाळाला हात लावून बघू लागली. बॅटरी बिघडली असं सांगू, असं इफ्फत सुचवत होती. पण चोरीवर खोटेपणा चढवायची नईमाची छाती होईना.

ट्यूशन सुटल्यावर आचल आली. नईमाने तिला पाणीही विचारलं नाही, आधी सगळं सांगून टाकलं. आचलने गेम उघडला, रिकामा डबा पाहिला, बंद केला, पुन्हा उघडला.

"सोन्या बी सोडला, चाची?"

नईमाने मान हलवली.

"कपिली?"

मग आचल तिथेच फरशीवर बसली. ती नावं तिच्या घरच्या गोठ्यातली होती. दोन वर्षं कापसाने हात दिला नाही, कडबा पुरला नाही, आणि तिच्या वडिलांनी, नत्थुजींनी, एकेक जनावर बाजारात नेलं. ती शाळेतून यायची तेव्हा दावणीला नुसता खुंटा असायचा. दर वेळी तिने गेममधल्या एका प्राण्याला ते नाव दिलं होतं. हे सांगताना ती हमसून हमसून रडली. नईमा हात जोडून तिच्यासमोर बसली. मी तुझी चोर आहे, म्हणाली, आणि परक्याच्या मालाचा सदका लागत नाही, माझ्या पोरीचा ताप परत आला तर मी काय करू, हेही बोलून गेली.

आचलने डोळे पुसले. शिव्या दिल्या असत्या तर नईमाने त्या मुकाट ऐकून घेतल्या असत्या. आचलने इफ्फतच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"माहे होते ना ते?"

"तुहेच होते, बेटा."

"बाबानं इकले तवा मले कोनी इचारलं नाई," आचल म्हणाली. "आता मी म्हनतो, देल्ले. इफ्फतसाठी मीच देल्ले."