बर्फावरचा जावई

चांगूची ठरत आलेली दोन लग्नं बर्फानं मोडली होती. म्हणून मुलगी बघायला उमरठला जाताना वाटेवर त्याचा काका सहदेव त्याला पुन्हा पुन्हा बजावत होता, "नोकरी सरकारी हाय, एवढंच सांग. बर्फाचं नाव काढलंस तर तुझं तोंड बघणार नाय!"

चांगू मान हलवत चालत होता. गडी कामाला वाघ, पण खोटं बोलायची वेळ आली की त्याला घाम फुटायचा. आंबेनळी घाटाच्या कामावर रोलरच्या दुरुस्तीला खाली लोळून लोळून तो इंजिनाचा मिस्त्री झाला होता. चीनची लढाई झाली, हिमालयात रस्ते निघाले, तेव्हा घाटातल्या साहेबाबरोबर तो थेट तिकडे गेला. चैत्रात जायचं, खिंडीतला बर्फ काढणारे बुलडोझर चालते ठेवायचे, दिवाळीच्या सुमारास खिंड बंद झाली की घरी यायचं. आता यात लपवण्यासारखं काय आहे, सांगा! पण आपल्याकडे बर्फ म्हणजे महाडच्या बाजारातला गोळा, नाहीतर मढ्याखालची लादी. दुसरं काही कुणाच्या डोक्यात शिरतच नाही.

मुलीचा बाप गोमाजी मुंबईच्या गिरणीतून नुकताच कायमचा घरी आलेला. ओटीवर ऐटीत बसला होता. आवडी पोहे घेऊन आली. चांगूनं एकदाच वर बघितलं, आणि झालं! हीच बायको व्हावी असं त्यानं मनात पक्कं केलं.

"काम कसलं करता?" गोमाजीनं विचारलं.

काकानं मांडीला चिमटा काढला. पण चांगूचं तोंड सुटलं ते सुटलंच. पहाटे इंजिनाखाली शेकोटी पेटवून तेल पातळ करावं लागतं, उघड्या हातानं पाना धरला तर कातडी चिकटते, वैशाखातही अंगात दोन कोट असतात, सगळं सांगून मोकळा झाला. सांगताना असा खुलला, की समोर सासरा बसलाय हेच विसरला.

गोमाजीनं बशी खाली ठेवली. "म्हंजे अर्धं वरीस जावई बेपत्ता! नाय बाबा. पोरीनं काय वाट बघत बसायचं?"

काकानं कपाळाला हात लावला. हेही स्थळ गेलं.

तेवढ्यात आवडीची आई रखमा दारात आली. पाहुण्यांसमोर कधी न बोलणारी बाई. पदर सारखा करून सरळ नवऱ्याला म्हणाली, "अवो, तुमी सारी उमर गिरणीत काढलीत. शिमग्याला आठ दिस, गणपतीला आठ. ही पोर तुमाला बघून 'आये, पाव्हणं आलं' म्हणायची. ह्यो तर निम्मं वरीस घरात ऱ्हायाचा! एवढा नवरा माज्या वाट्याला आला असता, तर मी गावभर जिलेबी वाटली असती!"

आत आवडी फिस्सकन हसली, आणि चांगूला तिचा होकार कळला.

गोमाजी बायकोकडे वळला. "इतकी वर्सं बोलली नायस गो कधी?"

"बोलू कवा? तुमी घरात व्हतात कवा?"

गोमाजी उठला. स्वतः आत जाऊन साखरेची वाटी घेऊन आला. काकानं हात पुढे केला, चांगूनंही केला. पण पहिली चिमूट गोमाजीनं रखमाच्या तळहातावर ठेवली.

"ही तुजी," तो म्हणाला. "बाकीची पोरीच्या लग्नाची."