छातीवरची फिल्म

जाळीतून खिडकी दिसत होती, पण बारीक बारीक चौकटींत चिरलेली... करंगळीएवढ्या उंचीची ही तारेची टोपी ज्योतीवर बसवली की आतली आग बाहेरच्या गॅसला शिवत नाही, आणि एवढ्याशा भरवशावर माणसं जमिनीच्या पोटात जातात! कोकिळेने जाळी पुसून बाबांपुढे ठेवली. राजूरच्या खाणीच्या बत्तीघरात बबनराव तीस वर्षं दिवे पुसत, भरत, पेटवून देत आले होते. त्यांचा डबा तिने बाकावर ठेवला होता. पर्समध्ये तुर्भ्याच्या अणुकेंद्राचं नोकरीचं पत्र होतं, आणि चारच्या टपालाने होकार गेला नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाची.

जायचं होतंच, त्यात घोळ नव्हता. मुलाखतीत पाच जणांनी विचारलं होतं, अणूची भीती नाही का वाटत? ती म्हणाली होती, मी कोळशाच्या गावात वाढले आहे, भीती मोजता येते हे मला ठाऊक आहे. एक जण खूश होऊन हसला होता. मला ते उत्तर अजून आवडतं — एकटी असले की मी ते पुन्हा म्हणून पाहते, थोडा आवाज बदलून. आणि खोटं काय होतं त्यात? तारापूरला अणूचं वीजघर बांधायला काढलं होतं. वॅगनीच्या वॅगनी कोळशाचं काम तिथे मूठभर इंधन करणार, घाटंजीच्या मावशीच्या घरातला कंदील माळ्यावर जाणार, आणि कुणा बापाच्या रुमालावर काळी थुंकी दिसणार नाही... आईने विचारलं होतं, तिथं काम केलेल्या पोरीले लेकरं होतात काय? आईला तिने आकडे सांगितले होते. आईचं समाधान झालं नाही, पण तोंड बंद झालं. बाबांनी मात्र आठ दिवसांत हो म्हटलं नव्हतं. त्यांची सही कुठेच लागत नव्हती, होकार मात्र हवा होता, आणि त्याच्यासाठी तिने एक हुकमाचं पान राखून ठेवलं होतं.

"तिथं छातीवर एक फिल्म लावतात, बाबा. न दिसनारे किरन अंगावर किती पडले, ते तिच्यावर उमटते. फिल्म जितकी काळी, तितके किरन जास्त. तुमच्या दिव्यावानीच हाये. आन् त्या फिल्मा तपासाचंच काम हाये माहं."

बबनराव काच पुसत होते. "तपासता कवा?"

"महिन्यातून एकदा."

फडकं थांबलं. "म्हंजे मानूस काम करून घरी गेल्यावर."

"हो, पन —"

"माहा दिवा तिथंच सांगते, पोरी. ज्योतीवर गॅसचं निळं दिसलं का मानूस माघारी फिरते. तुही फिल्म सारं झाल्यावर सांगते. मंग दिव्यावानी कशी?"

जाड भिंती असतात, धोका वाढला की ओरडणारी यंत्रं असतात... हे सगळं खरं होतं आणि ती ते सांगू शकत होती. पण दिव्याची उपमा तिचीच होती, आठ दिवस घोटलेली, आणि दिवा तिच्यापेक्षा त्यांना जास्त कळत होता. तिला राग आला. त्यांचा नव्हे, स्वतःच्या हुशारीचा.

तेवढ्यात हरिसिंग आला. जवळच्या तांड्यावरचा, खाणीतला सरदार, म्हणजे पाळीच्या माणसांआधी आत जाऊन गॅस तपासणारा मुकादम. दिव्याच्या बदल्यात ठेवायचा आपला पितळी बिल्ला त्याने खिळ्याला अडकवला.

"द्या बबनराव. पोरगी बंबईले चालली म्हनते?"

"इचारून राह्यली अजून."

बाबांनी दिवा पेटवला, ज्योत खाली केली, कुलूप ओढून पाहिलं आणि देताना हरिसिंगच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. लहानपणापासून ती हे बघत आली होती. तिला वाटायचं, ते बिल्ल्याचा नंबर बघतात. आज कळलं, ते माणूस बघतात.

हरिसिंग गेला. ती मात्र तिथेच अडकली... आठ दिवस तिने हिशेब केला तो फक्त स्वतःच्या छातीचा. फिल्मा शेकडो येतील, आणि कधीतरी एक काळी निघेल. तो माणूस महिनाभरापूर्वी काम करून घरी गेला असेल, जेवला असेल, लेकराला खांद्यावर घेऊन फिरला असेल — आणि ते त्याच्याआधी मला कळेल, मी त्याला कधी पाहिलेलंही नसेल. आकडे चुकले नव्हते. असा माणूस हजारांत एखादा, कदाचित एकही नाही. पण त्या एखाद्याला सांगायचं काम तिने मागून घेतलं होतं.

बबनरावांनी हात धुतले, डबा उघडला. "जाशीन तं जाय," ते म्हणाले. "काम चांगलं हाये. पन तिथल्या मानसायले दिव्यावानी हाये असं सांगू नको."

होकार मिळाला. आनंद व्हायला हवा होता, पण भीती वाटत होती, पहिल्यांदाच, आणि ती स्वतःसाठी नव्हती. नवल म्हणजे, नको ती जागा असं क्षणभरही वाटलं नाही. उलट ती आता तिला जास्त हवी होती, हट्टाने हवी होती. टपालाच्या पेटीकडे जाताना ती भरभर चालत होती आणि मनात वाद घालत होती, त्या पाच जणांशी. फिल्म महिन्यानेच का तपासायची? पंधरा दिवसांनी का नाही, आठ का नाही, त्याच संध्याकाळी का नाही... हे त्यांनी मला विचारलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं.