क्रेनवरच्या ताईचं गुलाबी दही

ताई बंदरावर क्रेन चालवायची. एकदा वर चढली की सुट्टीपर्यंत उतरायची सोय नाही, आणि हल्ली पोट तर वेळी-अवेळी बंड करायचं. मुकादमानं सरळ सांगून टाकलं, "पुन्हा मधेच उतरलात तर गोदामात बसवीन." गोदामात! म्हणजे क्रेन सुटलीच.

आहारतज्ज्ञ बाईंनी तिला लो फॉडमॅप आहार लावला. पोटात जाऊन आंबणारं, वायू धरणारं सगळं बंद. कांदा गेला, लसूण गेला, सफरचंद गेलं, मध गेला. ताईनं सगळं मान्य केलं. एकच विचारलं, "आणि माझं स्ट्रॉबेरीचं दही?"

धाकट्या भावाची डेअरी होती आणि ते दही म्हणजे ताईचा जीव की प्राण.

"लॅक्टोज काढलेल्या दुधाचं असेल तर खा. स्ट्रॉबेरीही थोडी चालते," बाई म्हणाल्या. "पण फ्लेवरच्या दह्यात आणखी काय काय घालतात, ते बघा."

भावानं तसलं दूध आणून दही लावलं, त्यात स्ट्रॉबेऱ्या घातल्या. ताईनं खाल्लं आणि पोट टम्म फुगलं.

आता मात्र तिला चैन पडेना. सुट्टीच्या दिवशी तिनं नुसतं दही खाऊन पाहिलं. मुकाट पचलं. पुढच्या सुट्टीला नुसत्या स्ट्रॉबेऱ्या. काही नाही! दोघं एकेकटी साळसूद, मग एकत्र आली की दंगा कसा? ती तडक डेअरीत गेली आणि भावाच्या मागे उभी राहिली.

"अगं, बस की! डोक्यावर काय उभी राहतेस?"

"तू कर तुझं काम."

त्यानं दही घोटलं, फळं घातली आणि फळीवरून मधाची बरणी काढली. एक चमचा, दुसरा, वर आणखी एक.

"हे कधीपासून?"

"तू आजारी पडल्यापासून. गिऱ्हाइकांना साखर, तुला मध. जास्त दुखलं की जास्त घालतो."

"अरे गाढवा, मधच बंद आहे मला! साखर चालते!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. चमचा हातातच राहिला. ताईला राग आला होता, पण त्याच्याकडे पाहून तिला इतकं भरून आलं की तिनंच बरणी परत फळीवर ठेवली आणि साखरेचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी तिनं साखरेचं दही वर केबिनमध्येच खाल्लं. दुपार कलायला लागली तसा वायरलेसवर मुकादमाचा आवाज आला, "ताई, उतरायचंय का?"

"कशाला? आणि फाटकाशी सकाळपासून वर बघत उभा आहे ना, तो माझा भाऊ. त्याला म्हणावं, डेअरी उघड जा. साखर जरा कमी पडलीये."